गॅदरिंगचा नाच आणि फोटोत न आलेला मुलगा



डिसेंबर जवळ आला की आपल्या सगळ्यांच्याच शाळांत गॅदरिंगची गडबड सुरू होते. नाच बसवणं, कपडे भाड्यानं आणणं, मंडपवाल्याशी घासाघीस, प्रमुख पाहुण्यांच्या होकाराची वाट बघणं. या यादीत फोटो काढण्याचं काम अगदी शेवटी आठवतं आणि ज्याच्याकडे बरा कॅमेरा आहे त्याच्या गळ्यात पडतं. आमच्या शाळेत तो मी. मी विज्ञान शिकवतो आणि गेली नऊ वर्षं गॅदरिंगचे फोटो काढतो. आजचा लेख त्या फोटोंबद्दल आहे. त्यातही मुलं ज्याला 'कंटेम्पररी' म्हणतात, त्या समकालीन नृत्याच्या फोटोंबद्दल.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे लेझीम, कोळीगीत, एखादी लावणी आणि बाकी सिनेमाची गाणी असा ठरलेला कार्यक्रम असायचा. मग आमची एक माजी विद्यार्थिनी, जी पुण्यात नाच शिकते, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली आणि आठवीच्या अकरा मुलांना घेऊन तिनं सात मिनिटांचा एक नाच बसवला. विषय होता पावसाची वाट पाहणारं गाव. शब्द नाहीत, नुसता ढोल आणि मधे मधे शांतता. कपडे म्हणजे मातकट रंगाचे साधे सदरे. मुलं जमिनीवर लोळतायत, एकमेकांवर रेलतायत, पडतायत, उठतायत. पहिल्या तालमीला आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, "यात नाच कुठं आहे?" मलाही तेच वाटलं होतं, फक्त मी बोललो नाही.

त्या नाचात मध्यावर एक जागा होती. एक मुलगा हातापायांवर ओणवा होतो, एक मुलगी त्याच्या पाठीवर चढून उभी राहते, कपाळाला हात लावून ढग शोधते. आणि मग तो तिला पाठीवर घेऊन हळूहळू तीन पावलं पुढे सरकतो. मंडपात टाळ्या पडल्या. मी भराभर बटण दाबत होतो.

त्या संध्याकाळी मी ३१२ फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकले. पालक येऊन निवडतात, आम्ही प्रिंट काढून आणतो, अशी आमची पद्धत आहे. हायवेला पंक्चरचं दुकान असलेले एक वडील आले. दुकानामुळे त्यांना कार्यक्रमाला येता आलं नव्हतं. ते शांतपणे एकेक फोटो बघत गेले. शेवटपर्यंत बघितले, पुन्हा मागे गेले, आणि मग जरा बिचकत मला विचारलं, "सर, आमचं पोरगं नाचात होतं ना?"

होतं. सातही मिनिटं होतं. पाठीवर मुलगी घेऊन तीन पावलं चालणारा तोच. मी त्यांच्या शेजारी बसून सगळे फोटो पुन्हा पाहिले. पाठीवर उभ्या राहिलेल्या मुलीचे एकोणतीस फोटो होते आणि एकोणतीसही फोटो तिच्या गुडघ्यांपासून वर. तो एका फोटोत कडेला पाठमोरा होता आणि एकात त्याचा नुसता कोपर आला होता. वडिलांनी तो ओळखला, कारण त्यावर लहानपणी भाजल्याचा डाग आहे. ते काही बोलले नाहीत. "असू द्या सर, गर्दी असते," एवढंच म्हणाले.

गर्दी नव्हती हो. मी सगळ्यात पुढे बसलो होतो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय. समकालीन नृत्याचे फोटो काढायचे तर तो नाच आधी पाहिलेला पाहिजे, तोही कॅमेरा खाली ठेवून. न पाहता काढलेले फोटो चुकीच्या मुलांचे निघतात. शाळेसाठी ही काही बारीकसारीक गोष्ट नाही. तीन वर्षांनी नाच कुणाला आठवणार नाही, फोटो राहतील, आणि त्या फोटोंत जो नाही तो नाचात नव्हताच असं होऊन बसेल.

आपण चुकतो कुठे, ते नीट बघू.

आपल्या ओळखीच्या नाचांत फोटोची जागा नाचच दाखवून देतो. कथकमध्ये तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत राहा, तिहाई संपून समेवर नर्तकी क्षणभर थांबतेच. तिथे बटण दाबलं की फोटो. भरतनाट्यममध्ये अर्धमंडलीत बसलेलं शरीर आणि हाताची मुद्रा मिळून एक स्पष्ट आकार तयार होतो. लेझमीत तर सगळी पथकभर मुलं एकाच ठोक्याला वाकतात. फोटोग्राफरला थोडा ताल कळला तरी निभावतं. शिवाय चेहरा समोर, डोळ्यांत काजळ, अंगावर चमचमते कपडे. कॅमेऱ्याला काय पाहायचं ते कळतं.

समकालीन नृत्य यातलं बरंच काही बाजूला ठेवतं. अमेरिकेत मार्था ग्रॅहम यांनी आपली नृत्यपद्धत श्वासाभोवती उभी केली. श्वास सोडताना पोट आत ओढून शरीर आकसतं, घेताना मोकळं होतं. पुढे १९७२ च्या सुमारास स्टीव्ह पॅक्स्टन यांनी 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' नावाचा प्रकार सुरू केला. त्यात दोन माणसं एकमेकांवर वजन टाकतात, एकमेकांचं वजन घेतात आणि त्या देवाणघेवाणीतून हालचाल पुढे सरकते. आज मुलं यूट्यूबवर बघून जे जमिनीवरचं लोळणं, पाठीवर उचलणं, एकमेकांवर रेलणं करतात, त्याचं मूळ बरंचसं अशा कामांत आहे. या नाचात महत्त्वाचा माणूस पुष्कळदा खाली असतो. वजन घेणारा. वर उभी असलेली मुलगी सुंदर दिसते कारण खालच्या मुलानं आपली पाठ हलू दिलेली नाही. पण कॅमेरा धरणाऱ्या हाताला वर बघायची सवय आहे. प्रकाश वर आहे, चेहरा वर आहे, टाळ्याही वरच्याला पडतात.

बरं, सवय मोडायची ठरवली तरी आयत्या वेळी जमत नाही. त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे आणि ते मुलांना वर्गात करून दाखवता येतं. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा धडा आहेच, त्याला जोडून घ्या.

एका मुलानं ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, दुसऱ्यानं खालच्या टोकाशी, शून्यापाशी, अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची. बहुतेक मुलं ती साधारण १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान पकडतात. २० सेंटिमीटर धरू. g चं मूल्य सोयीसाठी १० घेतलं तर २० सेंटिमीटर पडायला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे डोळ्यांनी पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत एवढा वेळ गेला.

आता उडीकडे वळा. आठवीतली मुलगी जमिनीपासून २० सेंटिमीटर वर उडाली असं समजा. वर जायला तेच ०.२ सेकंद, खाली यायला ०.२. ती उडाली हे बघून तुम्ही बटण दाबायचं ठरवलं, तर बोट हलेपर्यंत ती सर्वांत वर पोचलेली असते, आणि मोबाइल स्वतःचा वेळ घेऊन फोटो टिपेपर्यंत ती खाली यायला लागलेली असते. म्हणून आपल्या फोटोंत मुलं नेहमी गुडघे वाकवून जमिनीवर येताना दिसतात! यातली एक गंमत मात्र आपल्या बाजूची आहे. उडीच्या वरच्या पाव भागात, म्हणजे इथे वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये, मुलगी एकूण ०.२ सेकंद असते. उंची पाव, पण वेळ निम्मा. मुलांना हे गणित करायला लावा, त्यांना आवडतं. उडणारी व्यक्ती हवेत क्षणभर तरंगल्यासारखी का वाटते, तेही त्यात कळतं. पण हा वेळ पकडायचा तर बटण उडीच्या आधी दाबायला हवं. आधी दाबायचं म्हणजे उडी येणार हे माहीत हवं. म्हणजे नाच पाहिलेला हवा. वहीतलं गणितही शेवटी मला तालमीलाच घेऊन गेलं.

शटर स्पीडचा हिशेबही असाच घालता येतो. नाचताना हात सेकंदाला ३ मीटर वेगानं फिरला, तर १/६० सेकंदात तो ५ सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत फराटा दिसतो. १/५०० सेकंदात तोच हात फक्त ६ मिलिमीटर सरकतो. म्हणून स्टेजवरचे लोक १/५०० वापरतात. पण शटर तेवढं जलद ठेवलं की प्रकाश कमी पडतो, मग आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. येऊ द्यात. दाणेदार फोटोत माणूस दिसतो, फराट्यात दिसत नाही. माझ्याकडे जुना कॅमेरा आणि ५० मिमीची साधी एफ/१.८ लेन्स आहे. त्यावर हे सगळं भागतं. मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. काळ्या पडद्यापुढे मोबाइल आपल्या मनानं सगळंच उजळ करायला जातो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. तेव्हा चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढा. आणि एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले, तर प्रो मोडमध्ये शटर १/१०० वर आणून बघा. हालचाल थोडी पुसट होईल पण पट्टे बहुधा जातील.

बसायची जागाही महत्त्वाची. आपलं स्टेज तीन-चार फूट उंच, आणि फोटोवाला सतरंजीवर पुढे बसलेला. तिथून उड्या उंच दिसतात, म्हणून ती जागा सगळ्यांना आवडते. पण जमिनीवर चाललेला नाच तिथून दिसतच नाही, स्टेजची कड आडवी येते. माझ्या ३१२ फोटोंत खालचा मुलगा नसण्याचं हेही एक कारण होतं. मागे जाऊन बाकावर उभं राहिलं, किंवा विंगेत उभं राहिलं, की स्टेजची जमीन दिसते. मुलांचे हात कुठे टेकलेत, कोणाचा पाय कोणाच्या मांडीवर आहे, कोण वजन घेतंय, ते सगळं दिसायला लागतं. नऊ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, लिहायला लाज वाटते.

फ्लॅशबद्दल मी थोडा चिडूनच लिहिणार आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट, प्रकाश पाव. दहाव्या रांगेतून उडवलेला मोबाइलचा फ्लॅश पुढच्या दोन रांगांतली डोकी उजळतो, स्टेजपर्यंत त्याचं जवळजवळ काहीच पोचत नाही. म्हणजे फोटोला उपयोग शून्य. पुढच्या रांगेतल्या कॅमेऱ्याचा मोठा फ्लॅश मात्र पोचतो, आणि तो थेट डोळ्यांत जातो. अंधाऱ्या स्टेजवर मुलीचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. पाठीवरून खाली उतरताना तिच्या डोळ्यांसमोर लख्ख पांढरं झालं तर पाय कुठे टेकवायचा ते दिसत नाही. आणि खाली दुसऱ्या मुलाची पाठ आहे, बोटं आहेत. हा शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही, इजेचा होतो.

इथे मला अस्ताद देबूंची आठवण येते. नवसारीला १९४७ साली जन्मलेले, मुंबईत राहून काम केलेले आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये गेलेले हे आपल्याकडच्या समकालीन नृत्यातलं फार मोठं नाव. कथक आणि कथकली शिकून त्यांनी स्वतःची शैली घडवली. त्यांनी कर्णबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. विचार करा, ज्याला संगीत ऐकू येत नाही त्याला पुढची हालचाल कधी सुरू करायची ते डोळ्यांनीच समजून घ्यावं लागतं. शेजारच्याचा श्वास, मान, खांदा बघून. अशा कलाकारापुढे फ्लॅश मारणं म्हणजे गाणाऱ्याच्या कानाशी भोंगा वाजवण्यासारखं झालं. आपल्या शाळांत विशेष गरजा असलेली मुलं आता वर्गात आहेत, गॅदरिंगलाही येतात. त्यांच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

तर मग फोटो काढायचेच नाहीत का? काढायचे. फक्त कधी काढायचे ते ठरवायला हवं.

बार्बरा मॉर्गन या छायाचित्रकार बाईंचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. १९३५ पासून त्यांनी मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यांचे फोटो काढले आणि १९४१ मध्ये सोळा नृत्यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचा १९४० चा 'लेटर टू द वर्ल्ड' या नृत्यातला फोटो जगभर माहीत आहे. ग्रॅहम कमरेतून वाकलेल्या आहेत आणि मागे उचललेल्या पायाबरोबर पांढरा घागरा मोठ्या कमानीसारखा वर उडालाय. हा फोटो प्रेक्षकांत बसून चालू प्रयोगात काढलेला नाही. मॉर्गन आधी नाच पाहत, त्यातले नेमके क्षण ठरवत आणि मग स्टुडिओत नर्तकांकडून ते क्षण पुन्हा करून घेत. लोइस ग्रीनफिल्ड यांनीही त्यांचे गाजलेले फोटो स्टुडिओतच काढलेत.

मीही मॉर्गनबाईंची नक्कल करून बघितली. त्या मुलाला आणि मुलीला पुढच्या आठवड्यात सदरे घालून बोलावलं. मंडप निघाला होता म्हणून शाळेच्या व्हरांड्यात तीच जागा करायला लावली. फोटो आला. मुलगा पूर्ण दिसतो, उजेड चांगला आहे, मागे नोटीस बोर्ड आहे. वडिलांनी प्रिंट नेली. पण मुलानं ती बघून, "सर, यात मी थकलेलो नाहीये," असं म्हटलं. खरं होतं. त्या तीन पावलांच्या आधी तो चार मिनिटं नाचलेला असायचा, मान घामानं ओली असायची, हात थरथरत असायचे. मॉर्गन आणि ग्रॅहम हे सगळं स्टुडिओत पुन्हा उभं करू शकत होत्या. व्हरांड्यातली आठवीची दोन मुलं आणि मी, आम्हाला ते जमलं नाही.

त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी मधला मार्ग रंगीत तालमीचा. परदेशात मोठ्या नाट्यसंस्था छायाचित्रकारांना रंगीत तालमीलाच बोलावतात. कपडे तेच, दिवे तेच, दमही तोच, पण प्रेक्षक नाहीत. फोटोवाला पुढे-मागे फिरू शकतो, बाकावर चढू शकतो, विंगेत जाऊ शकतो. गेल्या डिसेंबरात आम्ही हे केलं. दोन तालमी मी कॅमेरा घरी ठेवून पाहिल्या. (पहिल्या तालमीत हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू.) हातात फक्त एक कागद. त्यावर डावीकडे मुलांची नावं, आणि पुढे प्रत्येकाचा नाचातला एक तरी क्षण. तिसऱ्या दिवशी रंगीत तालीम, तेव्हा कॅमेरा. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी खुर्चीत बसून नाच पाहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

तो कागद भरताना मुलांना एक प्रश्न विचारला होता, "तुला सगळ्यात अवघड काय जातं?" मला वाटलं होतं उड्या, उचलणं वगैरे सांगतील. एक मुलगी म्हणाली, "आठ मात्रा नुसतं उभं राहायचंय ना, ते." बाकीचे सगळे तिच्याभोवती पळत असतात आणि तिनं पापणीही न लववता उभं राहायचं असतं. मी तर तो भाग विश्रांतीचा समजत होतो! तिचा फोटो मग मी मुद्दाम १/१५ सेकंदावर काढला, कॅमेरा बाकाच्या पाठीवर टेकवून. पळणारे सगळे धुरासारखे पुसट, आणि ती मधोमध ठळक. पुसटपणा दर वेळी चूक नसतो, हे मला त्या पोरीनं शिकवलं.

स्थिरतेवरून आठवलं. चंद्रलेखा या आपल्या देशातल्या आधुनिक नृत्याच्या फार महत्त्वाच्या नृत्यरचनाकार. त्यांचा जन्म १९२८ चा, महाराष्ट्रातल्या वाड्याचा, जरी पुढचं सगळं काम चेन्नईत झालं. त्या भरतनाट्यम, योग, कळरीपयट्टू यांना एकत्र घेऊन नृत्य रचत. २००१ सालची त्यांची 'शरीर' ही रचना अतिशय संथ आहे. अशा कामात फोटोवाल्याची घाई काही कामाची नाही. इथे उडी पकडायची नाहीये, शरीरातला ताण कुठून कुठे जातोय ते पाहायचंय. आपल्या मुलांना 'कंटेम्पररी' म्हणजे रिअ‍ॅलिटी शोमधल्या गिरक्या आणि कोलांट्या वाटतात, कारण तेवढेच फोटो आणि तेवढेच रील्स त्यांच्यापर्यंत पोचतात. त्यात आपल्या फोटोंनीही भर घालावी का, हे आपण ठरवू शकतो.

आता पालकांच्या बाजूचं बोलायला हवं. "आमचं मूल, आमचा मोबाइल, आम्ही वर्षातून एकदा काढतो, तुमचं काय जातं?" हे मला तोंडावर ऐकवून झालंय. त्यात तथ्य आहे. एका आईनं सांगितलं की मुलाचे बाबा दुबईला असतात, ती व्हिडिओ कॉलवर त्यांना नाच दाखवत होती. तिला मी काय सांगू? तिला मी विंगेजवळ कडेला खुर्ची दिली, एवढंच केलं. पण सगळेच दुबईला दाखवत नसतात. पुढच्या चार रांगांत हात वर करून मोबाइल धरले की मागच्या आजीला नातू त्या दहा छोट्या पडद्यांतून बघावा लागतो. आणि मुलांचं काय? अंधारातून स्टेजवरून मुलाला आईचा चेहरा दिसत नाही, मोबाइलचा उजेड दिसतो. एका सहावीतल्या मुलानं मला सांगितलं, "आई कुठं बसलीये ते कळलं नाही, सगळेच चमकत होते."

आमचे एक सहकारी म्हणतात की एवढं कशाला, एक व्हिडिओ काढला की सगळे येतात. अर्धं बरोबर आहे. मागे ट्रायपॉडवर एक कॅमेरा, पूर्ण स्टेज फ्रेममध्ये, कोणीही झूम करायचं नाही. यात अकराही मुलं येतात आणि सगळ्या पालकांना तोच व्हिडिओ देता येतो. मी तर म्हणतो शंभर मोबाइलपेक्षा हे बरं. पण भिंतीवर व्हिडिओ लागत नाही. पंक्चरच्या दुकानात टायरच्या वर जो टांगला जातो तो फोटोच असतो.

हे फोटो नंतर कुठे जातात, त्याबद्दलही दोन ओळी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी साध्या विचारानंही हे कळतं. समकालीन नृत्यात मुलंमुली एकमेकांच्या अंगावर वजन टाकतात. तालमीत ते अगदी स्वच्छ, मेहनतीचं काम असतं. पण नाचातून कापून काढलेला एक फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला की त्याखाली काय लिहिलं जाईल ते आपण सगळे जाणतो. त्याचा त्रास मुलींना होतो. म्हणून आम्ही फोटो आधी मुलांना दाखवतो. एखादीनं नको म्हटलं तर तो फोटो जातो, मला कितीही आवडलेला असला तरी. गेल्या वर्षी असे चार गेले. त्यातला एक माझा सगळ्यात चांगला होता, अजून वाईट वाटतं.

या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेत घालायला मी एक सूचना लिहून दिली होती. ज्यांना वापरायची असेल त्यांनी जरूर वापरावी:

'पालकांना नम्र विनंती. नृत्याच्या कार्यक्रमात फ्लॅश वापरू नये. प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याचा किमान एक फोटो रंगीत तालमीत काढलेला आहे व तो शाळेत मिळेल. पूर्ण कार्यक्रमाचा व्हिडिओ शाळा देईल. कार्यक्रमादरम्यान मोबाइल खिशात ठेवावा. आपल्या मुलाचा फोटो न मिळाल्यास विज्ञान शिक्षकांना जाब विचारावा.'

मुख्याध्यापकांनी शेवटचं वाक्य काढून टाकलं. 'जाब' हा शब्द पत्रिकेत बरा दिसत नाही म्हणाले. 'संपर्क साधावा' केलंय.